प्रवाळखडकांवरचे स्पंज आणि आमची १२ वर्षं

आधी मी एका रुग्णालयात फार्मासिस्ट होते. रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डात जाणाऱ्या सायटाराबिनच्या व्हायल रोज माझ्या हातून जायच्या. हे औषध एका स्पंजामुळे, म्हणजे समुद्राच्या तळाला चिकटून राहणाऱ्या एका साध्या प्राण्यामुळे सुचलं, हे मला फार उशिरा कळलं. १९५० च्या सुमारास वर्नर बर्गमन आणि रॉबर्ट फीनी यांना फ्लोरिडाच्या उथळ पाण्यातल्या स्पंजात वेगळ्याच घडणीची न्यूक्लिओसाइडं (डीएनए ज्यांपासून बनतो तशा घटकांचे रेणू) सापडली. त्यांच्यावरून पुढे हे औषध तयार झालं आणि १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

स्पंजांमध्ये नवी औषधं शोधायची म्हणून नोकरी सोडायचं ठरवलं तेव्हा आई म्हणाली, "अगं, पण नागपुरात समुद्र कुठं आहे?"

समुद्रावरचं काम तिथली माणसं करतात. तमिळनाडूतल्या मंडपमच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या जाळ्यात अडकून आलेले स्पंज तिथले संशोधक वेगळे काढतात, ओळखतात आणि अल्कोहोलात बुडवून हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडवर पाठवतात. प्रवाळाला आम्ही हात लावत नाही. त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं.

पहिलीच खेप वाया गेली. मे महिना, बाहेर ४५ अंश. खोका उघडला तर बरण्यांतलं अल्कोहोल झिरपलेलं आणि पेनानं लिहिलेल्या चिठ्ठ्यांची शाई पार धुऊन गेलेली. कुठला स्पंज कुठल्या जागेचा, किती खोलीवरचा, काहीच कळेना. नाव-गाव नसलेल्या नमुन्याचा आम्हाला काही उपयोग नाही, म्हणून सगळ्या बरण्या टाकून दिल्या. त्या दिवशी मी रडले. तेव्हापासून चिठ्ठी शिसपेन्सिलीनं लिहायची आणि बरणीच्या आत ठेवायची, हा आमचा पहिला नियम.

स्पंज जागचा हलत नाही, त्याला पळता येत नाही, म्हणून त्याचा बचाव रसायनांवर. ती रसायनं आम्ही मिथेनॉलमध्ये उतरवतो. रोटरी नावाच्या यंत्रावर मिथेनॉल उडवून टाकलं की फ्लास्कच्या तळाशी काळपट, मधासारखा चिकट अर्क राहतो आणि त्यात चमकणारे मिठाचे कण. सुरुवातीला अर्क पेशींवर घातला की पेशी मरायच्या आणि आम्ही हरखून जायचो. मारत होतं ते मीठ! ते काढायला शिकण्यात सहा महिने गेले.

खरं कष्टाचं काम त्यापुढे: आधीच माहीत असलेलं बाजूला सारणं. बहुतेक अर्कांमधून कुणीतरी आधीच नोंदवलेला रेणूच निघतो. पण हे काम चोख झालं नाही, तर पुढच्यांची वर्षं फुकट जातात.

पुरवठ्याचीही चिंता असते. न्यूझीलंडजवळ एक टन स्पंज काढून हॅलिकॉन्ड्रिन बी हा कर्करोगाच्या पेशी मारणारा रेणू मिळाला जेमतेम ३०० मिलिग्रॅम. त्याच रेणूचा सोपा केलेला भाग प्रयोगशाळेत घडवला, तेव्हा कुठे २०१० मध्ये एरिब्युलिन हे औषध स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांपर्यंत पोचलं. म्हणून आम्ही अंगठ्याएवढाच तुकडा मागवतो आणि स्पंजात राहणारे जीवाणू वेगळे वाढवून बघतो.

पगार निघतात ते विदर्भातल्या आयुर्वेदिक उत्पादकांच्या अर्क-तपासणीवर. आज आम्ही सात जण आहोत. त्यातल्या दोघी इथल्याच विद्यापीठातून एम.फार्म. झालेल्या.

यंदाच्या खेपेतल्या एका पिवळ्या स्पंजाच्या अर्काभोवती स्टॅफिलोकोकस या रोगकारक जीवाणूची वाढ दोनदा थांबली. मीठ काढून, नव्या तुकड्यापासून सुरुवात करून तिसऱ्यांदा जीवाणू वाढवायच्या प्लेटा लावल्या आहेत. उद्या सकाळी आठला उघडायच्या.