प्रतिवादी क्रमांक ३

धाराशिव जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात मी बावीस वर्षे दिवाणी कामे चालवतो. बांध, वाटणी आणि भूसंपादनाचा मावेजा, यांतच आमचे दिवस जातात. शाळेच्या मैदानावर जखमी झालेल्या विद्यार्थिनीच्या भरपाईचा दावा मात्र इतक्या वर्षांत माझ्याकडे एकच आला, आणि त्यातील एका उलटतपासाचा दिवस अजून माझ्या मनातून जात नाही.

मुलगी नववीत होती आणि शाळेच्या खो-खो संघात आक्रमणाला पहिल्या क्रमांकाची समजली जायची. सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाल्यापासून आमच्या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतल्या मुलींना हा खेळ आपला वाटतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सरावात तिने एका हाताने खांब धरून सूर मारला. त्या खांबाला पूर्वी व्हॉलीबॉलची जाळी बांधण्यासाठी लोखंडी कडी वेल्ड केलेली होती. कडी कापून टाकली होती, पण तिचे बूड तसेच राहिले होते. उजव्या तळहातातील दोन बोटांच्या कंडरा तुटल्या. सोलापूरला शस्त्रक्रिया झाली, तरीही ती बोटे आज पूर्ण मिटत नाहीत.

नियमाप्रमाणे खो-खोचा खांब लाकडी व गुळगुळीत असावा लागतो. त्याची उंची १२० ते १२५ सेंटिमीटर आणि व्यास ९ ते १० सेंटिमीटर असतो, म्हणजे घेर २८ सेंटिमीटरच्या खाली जाता कामा नये. न्यायालयाने पाहणीसाठी नेमलेले कोर्ट कमिशनर आले तेव्हा मी शिंप्याची फीत सोबत नेली होती. घेर १९ सेंटिमीटर भरला. तो नळाचा दोन इंची जीआय पाइप होता. ही मोजणी कमिशनरच्या अहवालात जशीच्या तशी उतरली, आणि त्या एका आकड्याने माझे निम्मे काम केले. खेळाडू पडण्याचा, खरचटण्याचा, प्रसंगी हाड मोडण्याचा धोका पत्करून मैदानात उतरतो, असे शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या वकिलांचे म्हणणे होते आणि ते कायद्याला धरूनच होते. परंतु हा पत्करलेला धोका खेळाच्या अंगभूत धोक्यापुरता असतो. खांबावर राहिलेले वेल्डिंगचे बूड त्यात येत नाही. ‘इजा झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही’ असे छापलेल्या संमतीपत्रावर वडिलांची सही होती. अशा कागदाने शाळेचा निष्काळजीपणा माफ होत नाही. तरीही अनेक मुख्याध्यापक त्याला ढाल समजतात आणि पालकही तो दाखवला की गप्प बसतात, याचे मला फार वाईट वाटते.

वडील ऊसतोडीला जात. दाव्याच्या शीर्षकात मुलीच्या नावापुढे ते ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता (अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, वादीच्या वतीने दावा चालवणारा पालक), होते. पण हंगामात चार-चार महिने ते तारखेला येऊ शकत नसत. आधीच्या एका वकिलांनी त्यांना ग्राहक आयोगात जायला सांगून सहा महिने घालवले होते. शाळेतील शिक्षण आणि त्यासोबतचे पोहणे, खेळ, सहली हे सारे ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचा निर्णय राष्ट्रीय आयोगाने जानेवारी २०२० मध्येच दिला होता, आणि तो वाचायला अर्धा तास पुरेसा होता.

मी तिघांना प्रतिवादी केले: संस्था, मुख्याध्यापक आणि क्रीडाशिक्षक. १९९५ साली शाळेच्या सहलीत १४ मुले बियास नदीत बुडाली होती. त्या प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांच्या हलगर्जीपणासाठी शाळेला भरपाई द्यायला लावली. नोकराच्या चुकीची जबाबदारी मालकावर येते, या तत्त्वावर मला उभे राहायचे होते, म्हणून क्रीडाशिक्षकांचे नाव आवश्यक वाटले. संस्थेने कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, सगळा दोष त्यांच्यावरच ढकलला.

उलटतपासाच्या दिवशी ते पिंजऱ्यात आले ते एक पातळ फाइल घेऊन. लाकडी खांब द्यावेत, अशी त्यांची मुख्याध्यापकांना तीन पत्रे होती आणि तिन्हींवर आवक क्रमांक होता. संस्थेच्या वकिलांनी आक्षेप घेतला, पण आवक नोंदवही मागवली गेली आणि पत्रांना निशाणी पडली, म्हणजे ती पुराव्यात दाखल झाली. शेवटचे पत्र अपघाताच्या बारा दिवस आधीचे होते. संस्थेला धोका माहीत होता, हे मला हवे होते ते सारे सिद्ध झाले. मग मी तो प्रश्न विचारला, जो वादीच्या वकिलाने विचारायलाच हवा होता.

“खांब धोक्याचा आहे हे तुम्हाला माहीत होते, तर सराव का थांबवला नाही?”

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. “थांबवला असता तर मुली घरी बसल्या असत्या, साहेब. एकदा घरी बसलेली मुलगी परत मैदानावर येत नाही.”

त्यांचे उत्तर न्यायाधीशांनी शब्दशः लिहून घेतले. ज्या पत्रांनी त्यांचा प्रामाणिकपणा दाखवला, त्याच पत्रांनी त्यांना धोक्याची पूर्ण जाणीव होती हेही सिद्ध केले. आणि जाणीव असूनही सराव चालू ठेवणे याला कायद्यात निष्काळजीपणाच म्हणतात. जखमी मुलीला स्वतःच्या मोटारसायकलवर ग्रामीण रुग्णालयात नेणारे आणि सोलापूरचे पहिले बिल स्वतःच्या खिशातून भरणारेही तेच होते. संस्थेचा एकही पदाधिकारी त्या दिवशी न्यायालयात नव्हता.

बाहेर आल्यावर मुलीचे वडील म्हणाले, “वकीलसाहेब, सरांचं नाव काढता येतंय का?”

काढता येते. मात्र वादी अज्ञान असल्याने न्यायालयाची परवानगी लागेल, आणि ज्याची चूक आधी धरायची तोच दाव्यातून गेला तर मालकाची जबाबदारी कशी उरते, असा युक्तिवाद संस्था करील. खराब साहित्य पुरवणे ही संस्थेची स्वतःची चूक आहे आणि ती शिक्षकांच्या चुकीवर अवलंबून नाही, असे माझे उत्तर आहे, आणि ते टिकेल असे मला वाटते. पण ‘वाटते’ एवढ्यावर एका मुलीच्या हाताची भरपाई पणाला लावावी का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. सरांचे नाव काढण्याची पुरसिस, म्हणजे न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन, लिहून फाइलला लावली आहे, तिच्यावर वडिलांची सहीही घेतली आहे. अंतिम युक्तिवादाची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

शाळेने ते दोन्ही पाइप उपटले. त्यांच्या जागी लाकडी खांब अजून बसलेले नाहीत.