सातबारावर 43 कुठून आलं?

माझ्या पक्षकारांनी कुळाला मालकीने मिळालेली जमीन विकत घेतली. त्यांच्या नावाचा फेरफार नामंजूर करताना मंडळ अधिकाऱ्यांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. "कुळकायदा कलम 43 नुसार परवानगी जोडलेली नाही. सबब नोंद रद्द." खाली सही-शिक्का. जमीन गोदाकाठची, परभणी जिल्ह्यातली. आणि कलम 43 मुंबई कुळवहिवाट कायद्याचं, 1948 च्या. तो मराठवाड्याला लागूच नाही.

आपल्याकडे चालतो हैदराबाद कुळवहिवाट कायदा, 1950 चा 21 वा. संरक्षित कुळाला, म्हणजे कायद्याने ज्याचा कसण्याचा हक्क राखला त्या कुळाला, मालकी मिळाली ती कलम 38-ई खाली, आणि ती जमीन विकायला आडकाठी आहे ती 50-ब ची. राजप्रमुख, म्हणजे संस्थानाचे राज्यप्रमुख, म्हणून निजाम बसलेले असताना, पहिली निवडून आलेली विधानसभा 1952 ला यायच्या आधी झालेला हा कायदा. "निजामाच्या काळातलं आता कोण बघतंय?" असं अव्वल कारकून मला म्हणाले. बघावं लागतं. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 119 ने सांगितलं, की हद्द बदलली तरी ज्या मुलखात जो कायदा होता तो बदल होईतो तिथंच चालेल. म्हणून एका महाराष्ट्रात कुळकायदे तीन. तिसरा विदर्भाचा, 1958 चा. सातबारा संगणकावर चढवताना त्यातल्या 'इतर अधिकार' या रकान्यात कुणीतरी तयार वाक्य टाकलं असणार. हस्तलिखित उताऱ्यावर स्पष्ट "38-ई" आहे.

पण नुसती आकड्याची चूक असती तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज टाकून भागलं असतं. खरा खोळंबा परवानगीचा होता.

2014 च्या दुरुस्तीनंतर, मालकी मिळून दहा वर्षं झाली असतील तर अशा जमिनीच्या विक्रीला परवानगीच लागत नाही. अटी आहेत: विक्रीच्या आधी आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या शेतसाऱ्याच्या, 40 पट नजराणा सरकारला भरायचा, घेणारा शेतकरी हवा, त्याची जमीन कमाल मर्यादेत राहावी, तुकडेबंदी मोडू नये. इथं आकार 4 रुपये 35 पैसे. 40 पट म्हणजे 174 रुपये. चलन खरेदीखताच्या आठ दिवस आधीचं, खताला जोडलेलं. ही तारीख फार महत्त्वाची. खत आधी आणि चलन मागून असलं की शर्तभंग होतो, मग 174 रुपयांत सुटका नाही. निम्मी प्रकरणं इथंच अडकतात आणि त्यात चूक दस्त लिहिणाऱ्यांची असते.

तरीही कार्यालय परवानगीवर अडून, कारण फाईलला एक परिपत्रक होतं, दुरुस्तीच्या आधीचं. कायदा बदलला, पण परिपत्रक कुणी रद्द केलं नाही, म्हणून ते कपाटात जिवंत. मी प्रांतांपुढं, म्हणजे अपील ऐकणाऱ्या उपविभागीय अधिकाऱ्यांपुढं, एवढंच मांडलं: कायद्याला जोर विधिमंडळाचा, नियमांना जोर त्या कायद्याने दिलेल्या अधिकाराचा, परिपत्रक म्हणजे शासनाने आपल्याच माणसांना दिलेली सूचना. कायदा गप्प असेल तिथं ती चालते, कायदा बोलला की संपली. निजामाच्या काळात भेद नव्हता. कायदा करणारा, राबवणारा आणि निवाडा देणारा एकच, म्हणून त्याचं फर्मान हाच कायदा. सर्वोच्च न्यायालयानेही 1955 ला तसंच म्हटलं आहे. गंमत अशी, की निजामाचा कायदा नको म्हणणारं कार्यालय परिपत्रक मात्र फर्मानासारखं वाचत होतं.

अपील त्याच संहितेच्या कलम 247 चं, साठ दिवसांच्या आत दाखल. सोबत 1954-55 चा खासरा (त्या वेळचं पीकपाहणी-कब्जाचं पत्रक), 38-ई चं प्रमाणपत्र, हस्तलिखित सातबारा, चलन, घेणाऱ्याचा आठ-अ (त्याच्या नावावरच्या जमिनीचा खातेउतारा). प्रमाणपत्राची नक्कल मिळवण्यातच दीड महिना गेला. अभिलेख कक्षात गठ्ठे गावनिहाय लावलेले नव्हते. अपील मंजूर झालं. फेरफार धरून एकंदर आठ महिने.

घेणारे मामा दर तारखेला विचारायचे, "वकीलसाहेब, माह्या नावावर कवा व्हईल हो?" एकदा म्हणाले, "परवानगीच काढली आसती तर?" याला माझ्याकडे नीट उत्तर नाही. खत नोंदवायच्या आधी परवानगी मागितली असती तर कदाचित चार महिन्यांत हातात आली असती. पण नको असलेली परवानगी एकदा मागितली की पुढच्या माणसालाही मागावीच लागते, कार्यालय दाखला म्हणून तीच पुढं करतं. हा हिशोब मामांच्या पैशाने मी करायचा का, हे मात्र अजून सुटलेलं नाही.

मामांच्या सातबारावर आता 50-ब आहे. त्याच गावातल्या 38-ई च्या आणखी तीन गटांचे उतारे काढून पाहिले. तिन्हीवर 43.