तुम्ही विचारलंत म्हणून: हवेचं वावडं असलेल्या जंतूंची नोकरी

मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षातली मुलं विचारतात, त्यांचे आईवडील जरा वेगळ्या सुरात विचारतात, पण प्रश्न एकच असतो: "ॲनेरोबिक जंतूंवर, पोटातल्या जंतूंवर काम करायचं म्हणजे दिवसभर नेमकं काय करायचं? आणि पुण्यात त्यात नोकरी आहे का?"

पहिल्या अर्ध्याचं उत्तर: दिवसभर हवेशी भांडायचं, कारण ॲनेरोब म्हणजे हवेतला ऑक्सिजन न सोसणारे जंतू. बाकीच्या जंतूंना आपण प्लेटवर (पोषक थर घातलेल्या थाळीवर) वाढवतो. हे जंतू प्लेटपर्यंत जिवंत आणणं हेच मोठं काम असतं, आणि ते निम्मं तरी लॅबच्या बाहेर, वॉर्डात आणि ऑपरेशन थिएटरात होतं. म्हणून या कामातलं पहिलं यंत्र टेलिफोन. तो नीट वापरता आला नाही तर पुढचं महागडं सामान शोभेचं.

सॅम्पलपासूनच बघा. गळवातला पू कापसाच्या स्वॅबवर घेऊन पाठवायची सवय सगळीकडे आहे. कापसाच्या धाग्यांत हवा असते, सॅम्पल थेंबभर असतं आणि वाटेत ते वाळतं. तेवढ्यात बॅक्टेरॉइड्स किंवा फ्युसोबॅक्टेरियमसारखे ॲनेरोब मरून जातात आणि काटक ई. कोलाय तेवढा उरतो. मग रिपोर्टात एकटा ई. कोलाय येतो आणि उपचारही त्या एकट्यावरच होतात. त्यापेक्षा वरची कातडी नीट साफ करून खोलातला पू सिरिंजमध्ये ओढायचा, हवेचा बुडबुडा बाहेर ढकलायचा, सुई काढून निर्जंतुक टोपण लावायचं आणि अर्ध्या तासात लॅबला पोचवायचं. दोन मिलिलिटर पू मिळाला तर फार बरं, कारण भरपूर पू स्वतःच आतल्या जंतूंना हवेपासून सांभाळतो. उशीर होणारच असेल तर रॉबर्टसनच्या कुक्ड मीट मीडियमच्या (शिजवलेलं मांस घातलेल्या, जंतू वाढवायच्या पोषक द्रव्याच्या) बाटलीत तळाशी सोडायचा.

आणि बर्फात ठेवायचा नाही! हे दहा वेळा सांगावं लागतं. हडपसरच्या नर्सिंग होममधून निघालेला पू विद्यापीठ चौकातली गर्दी ओलांडून औंधला पोचेपर्यंत सॅम्पल नेणारा मुलगा तो थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पॅकला चिकटवून ठेवतो. लघवीसाठी ते बरोबर आहे. इथे मात्र थंडीत ऑक्सिजन जास्त विरघळतो आणि काही ॲनेरोबना गारठा मुळीच सोसत नाही. हे सॅम्पल खोलीच्या तापमानालाच ठेवायचं.

नकार देणं हाही कामाचा भाग आहे. थुंकी, घशाचा स्वॅब, साधी लघवी यांवर ॲनेरोबिक कल्चर (जंतू वाढवून बघणं) मागितलं तर करायचं नाही, कारण तोंडात, घशात आणि लघवीच्या वाटेच्या आसपास हे जंतू एरवीही राहतातच. ते सापडले म्हणून काही सिद्ध होत नाही. रेसिडेंट (वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर) चिडतो. चिडू द्यावं, पण कारण समजावून सांगावं आणि कुठलं सॅम्पल चालेल तेही त्याच फोनवर सांगावं.

आता जार, म्हणजे प्लेटा आत ठेवून ऑक्सिजन काढून टाकायचा हवाबंद डबा. जुन्या पद्धतीत गॅसच्या पाकिटात 10 मिलि पाणी घालतात, त्यातून हायड्रोजन निघतो आणि झाकणातल्या पॅलेडियमच्या दाण्यांवर ऑक्सिजनशी जुळून त्याचं पाणी होतं. दाणे ओले झाले की निकामी. दर वापरानंतर ते 160 अंशांना दोन तास तापवून वाळवायचे असतात, आणि नेमकं हेच घाईत राहतं. काही जंतूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडनंही दाणे बिघडतात. नव्या पाकिटांना पाणी नको, दाणेही नकोत, पण फोडल्यापासून मिनिटभरात ते जारमध्ये जाऊन झाकण बसलं पाहिजे. फोडलेलं पाकीट टेबलावर ठेवून प्लेटवर नावं लिहीत बसलात तर ते खोलीतलाच ऑक्सिजन खात बसतं.

आत ऑक्सिजन असेपर्यंत निळा राहणारा मेथिलीन ब्लूचा इंडिकेटर हवाच. निळा रंग उडाला तर ठीक. शिवाय हवेवर जगणाऱ्या स्यूडोमोनास एरुजिनोसा या जंतूची एक प्लेट आत ठेवावी. तो वाढला तर जार फसला, मग त्या जारमधल्या एकाही प्लेटवरून "नो ग्रोथ" लिहायचं नाही. बहुतेक वेळा दोष झाकणाच्या रबरी रिंगेत असतो. तिला बारीक चीर पडते आणि ती डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं की कळते.

प्लेटा ताज्या हव्यात. ब्लड अगारमध्ये (रक्त घातलेल्या पोषक थरात) हेमिन आणि व्हिटॅमिन के घातलेलं हवं. फ्रिजमध्ये पडून सुकलेल्या प्लेटवर पेरॉक्साइडं साठतात आणि तिथे नाजूक जंतू उगवत नाहीत. कुक्ड मीटची बाटली वापरण्याआधी दहा मिनिटं उकळत्या पाण्यात धरून आतली हवा घालवायची, गार करायची, आणि सॅम्पल घातल्यावर हलवायची नाही. (अवांतर: गुरुवारी पाणी बंद असलं की डिस्टिल्ड वॉटर आणि ऑटोक्लेव्ह बुधवारीच उरकायचं. पुण्यात मीडियाचं वेळापत्रक महापालिका ठरवते.)

पेरताना पहिल्या रेघांवर ॲनेरोबना मारणाऱ्या मेट्रोनिडॅझोल या औषधाची 5 मायक्रोग्रॅमची चकती ठेवावी. ही स्वस्तातली आणि फार उपयोगी युक्ती आहे. खरे ॲनेरोब चकतीपासून लांब राहतात, ई. कोलायसारखे दोन्हीकडे जगणारे चकतीला चिकटून वाढतात. मिसळलेल्या वाढीत कुठे बघायचं ते कळतं. मग जार 48 तास उघडायचा नाही. चोवीस तासांनी डोकावायचा मोह नव्या माणसाला आवरत नाही, आणि तेवढ्या हवेत कोवळ्या कॉलनी मरतात. सावकाश वाढणाऱ्या ॲक्टिनोमायसिसचा संशय असेल तर दहा ते चौदा दिवस थांबायचं. सर्जन रोज फोन करणार, त्याला इलाज नाही.

वाढलेली प्रत्येक कॉलनी पुन्हा दोन प्लेटांवर लावायची, एक हवेत आणि एक जारमध्ये. फक्त जारमध्ये वाढली तरच ॲनेरोब म्हणायचं. कंटाळवाणी पायरी आहे, म्हणून गाळली जाते, आणि जारमधून निघालेला, हवेतही वाढणारा साधा एन्टेरोकॉकस "ॲनेरोब" म्हणून रिपोर्टात जातो. पुढची ओळख अँटिबायोटिकच्या चकत्यांवर (बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस व्हॅन्कोमायसिन, कॅनामायसिन, कोलिस्टिन तिघांनाही दाद देत नाही) किंवा मोठ्या लॅबमध्ये माल्डी-टॉफवर (जंतूंच्या प्रथिनांवरून ओळख पटवणाऱ्या यंत्रावर) काही मिनिटांत. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स भोवती रक्त विरघळल्याची दुहेरी कडी दाखवतो, ती एकदा पाहिली की विसरत नाही. वासही खूप सांगतो, पण प्लेटला नाक लावून हुंगायचं नाही. झाकण उघडताच येतो तेवढा पुरे.

माझ्या मते या धंद्यातला सर्वांत मोलाचा रिपोर्ट मात्र त्याच दिवशी निघतो, तो ग्राम स्टेनचा: पू काचेवर पसरून (हाच स्मिअर), रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. स्मिअरमध्ये तीन-चार आकारांचे जंतू, त्यात फिकट ग्राम निगेटिव्ह (या रंगात गुलाबी दिसणाऱ्या) काड्या: हे एक वाक्य फोनवर सांगितलं तर डॉक्टर मेट्रोनिडॅझोल सुरू करतात. अमिकासिन हे अँटिबायोटिक एकटं चालू असेल तर तेही त्याच फोनवर सांगावं. ते औषध पेशीत शिरायला ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते, ॲनेरोबमध्ये ती नसते.

पोटातले जंतू ही वेगळी दुनिया. पुष्कळांना वाटतं आतड्यात मुख्यतः ई. कोलाय असतो. मोठ्या आतड्यात तो शंभरात एकही भरत नाही, बाकी प्रजा ॲनेरोबची. यांतल्या कित्येकांना जारही पुरत नाही. हातमोजे बसवलेला चेंबर लागतो, त्यात साधारण 80 टक्के नायट्रोजन आणि 10-10 टक्के कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन. मीडियात ऑक्सिजन टिपणारं सिस्टीन आणि ऑक्सिजन दाखवणारं रेझाझुरिन असतं, आणि ते गुलाबी झालं की ऑक्सिजन शिरला. हे काम पुण्यात होतं. निरोगी माणसाच्या विष्ठेतून इथे वेगळ्या केलेल्या एका जातीचं नावच क्लॉस्ट्रिडियम पुनेन्से आहे, 2015 साली नोंदलेलं. जुलाबाच्या रुग्णात मात्र बघायचा तो विष सोडणारा क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल. त्याची तपासणी फक्त पातळ शौचावर करायची. घट्ट शौचात विष सापडलं तरी तो नुसता वाहक असू शकतो. आणि वॉर्डात त्याच्यासाठी साबण-पाणीच हवं, हँडरब त्याच्या बीजाणूंना काही करत नाही.

घरपोच येणाऱ्या "पोटातल्या जंतूंच्या चाचणी"बद्दलही विचारतात. यादी मिळते, उपचार बदलत नाहीत. पैसे वाचवा.

आता नोकरी. रुग्णालयात रिपोर्टवर सही करायची असेल तर सरळ रस्ता एमबीबीएस, मग नीट-पीजी, मग तीन वर्षांचं एमडी मायक्रोबायोलॉजी. संशोधन करायचं असेल तर एमएस्सी आणि पीएचडी. पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था ही त्यासाठी बघायची ठिकाणं. फक्त ॲनेरोबची अशी जागा मात्र क्वचितच निघते. रोजचा भात-आमटीचा भाग म्हणजे लघवी आणि ब्लड कल्चर, त्यातून वेळ काढून हे. पुष्कळ लॅब खर्च आणि उशीर बघून ॲनेरोबिक कल्चर ठेवतच नाहीत.

म्हणून मुलाखतीला गेलात की तुम्हीही दोन प्रश्न विचारा. जारची रबरी रिंग शेवटची कधी बदलली? आणि स्मिअरमध्ये जंतू दिसले पण कल्चरमध्ये काहीच नाही आलं, तर रिपोर्टात काय लिहिता? दुसऱ्यावर समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून बोलायला लागला तर ती जागा घ्या. "आम्ही नो ग्रोथ लिहितो" एवढंच म्हणाला तर दुसरीकडे अर्ज करा.