फुलकोबीचा दांडा पोकळ का निघतो?

फुलकोबीचा गड्डा उभा चिरला आणि दांडा आतून पोकळ निघाला, की आमच्या इंदूरच्या आसपासचे काही बागाईतदार लगेच युरियाचे पोते उघडतात. त्याआधी ती पोकळी नीट पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. तिच्या कडा स्वच्छ व पांढऱ्या असतील, तर नत्र जास्त होऊन वाढ फार झपाट्याने झालेली असते. कडा तपकिरी व पाणचट असतील आणि गड्ड्यावरही तसेच डाग असतील, तर बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य कमी पडल्याची दाट शक्यता असते.

हे द्रव्य वनस्पतींना अत्यावश्यक आहे, हे कॅथरीन वॉरिंग्टन यांनी १९२३ मध्ये इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे बाकल्याच्या रोपांवरून दाखवून दिले. पेशीभित्तिकेतील पेक्टिनच्या साखळ्या बोरॉनमुळे एकमेकींशी बांधल्या जातात, शिवाय परागकणातून बीजांडापर्यंत जाणाऱ्या परागनलिकेच्या वाढीलाही ते लागते. म्हणूनच ते कमी पडले की पाने हिरवीगार असूनही फुले गळतात आणि हरभऱ्याचे घाटे पोचट राहतात. बहुतेक पिकांत जुन्या पानांतले बोरॉन कोवळ्या शेंड्याकडे जात नाही, त्यामुळे रोपावस्थेतली फवारणी फुलोऱ्याला पुरत नाही.

माळव्याच्या काळ्या मातीत चुनखडी आणि वाढलेला सामू (pH) यांमुळे बोरॉन मातीकणांना घट्ट चिकटून बसते. पिकाला मिळू शकणारा त्याचा बराचसा साठा वरच्या थरातील सेंद्रिय पदार्थांत असतो. रब्बीत तो थर वाळला, की मुळे खालून पाणी ओढतात आणि बोरॉन वरच राहते. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदुरातच विकसित केलेली कंपोस्टची पद्धत मला या कारणानेही मोलाची वाटते.

मृदा आरोग्य पत्रिकेतील १२ घटकांत बोरॉन आहे, तो आकडा अवश्य वाचावा. गरम पाण्यात विरघळणारे बोरॉन दर किलो मातीत ०.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, तर साधारणपणे कमतरता मानतात. परीक्षणासाठी बोरॉनमुक्त भांडी लागतात, कारण प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या बोरोसिलिकेट काचेतूनच बोरॉन नमुन्यात उतरू शकते.

हेक्टरी १० किलो टंकणखारातून (बोरॅक्समधून) जेमतेम १ किलो बोरॉन मिळते, आणि एवढेसे खत शेणखतात कालवून सारखे पसरणे हेच खरे कौशल्याचे काम आहे, कारण पुरेसे आणि विषारी यांतले अंतर फार थोडे असते. जास्त झाल्यास जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात. तसे दिसल्यास टंकणखार थांबवून विहिरीचे पाणीही तपासून घ्यावे, कारण त्यातूनही बोरॉन शेतात येते.