शेवट गोड आहे का?

दुपारी गवार निवडत बसले होते आणि भाचीची यादी आली. आदल्या रात्री फोनवर मी तिला सहज म्हटलं होतं, तुम्ही सगळ्या ज्याच्या नादी लागलाय ते कोरियन मालिकांचं प्रकरण मलाही बघायचंय, कुठून सुरू करू? तिने मनावर घेतलं. प्रत्येक नावापुढे बदाम, रडके चेहरे, मधेच एखादा ज्वाळेचा गोळा. मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि एवढंच लिहिलं, "यात मरतं कोण कोण?"

"मावशी!! असं नसतं विचारायचं."

असतं. आमच्या घरात असतं.

सांगलीच्या वाड्यात आत्या मॅटिनी बघून आली की माजघरात शेंगा फोडता फोडता अख्खा सिनेमा सांगायची. गाणी म्हणून दाखवायची, साड्यांचे रंगसुद्धा सांगायची. आजी थेटराची पायरी चढायची नाही, पण ऐकायला सगळ्यांच्या आधी पाट घेऊन बसायची. तिची अट एकच. "आधी सांग, पोरीचं शेवटी बरं होतं ना? होत असेल तर ऐकते." होत नसलं तर ती उठायची आणि आत जाऊन घासलेलीच कढई पुन्हा घासायची. पुढे पुढे आजीला सगळेच सिनेमे ऐकायला मिळू लागले, कुठलाच वाईट निघेना. मी मोठी झाल्यावर त्यातला एक रविवारी दूरदर्शनवर लागला. नायिका वाचणार हे मला ठाऊकच होतं, म्हणून पाय पसरून निवांत बघत होते. नायिका मेली. चांगली दहा मिनिटं बोलून, नायकाच्या मांडीवर डोकं ठेवून मेली. मी आत्याकडे बघितलं. ती म्हणाली, "आईला कशाला सांगायचं ते?"

तेव्हापासून कादंबरीचंही शेवटचं पान मी आधी वाचते. त्यावरून कुणाशी वाद घालायची माझी इच्छा नाही.

आपल्याकडच्या मालिकांना हा प्रश्न विचारायची सोयच नाही. शेवट वाहिनीलाच माहीत नसतो. 'चार दिवस सासूचे' २००१ ला सुरू झाली आणि ३००० हून जास्त भाग चालली. ती सुरू होताना बालवाडीत गेलेलं पोर ती संपेपर्यंत कॉलेजात पोचलं असेल. कोरियाचं तसं नाही. तिथे बऱ्याच मालिका १६ भागांच्या. एकेक भाग तासाभराचा किंवा थोडा वर, आठवड्याला दोन, म्हणजे दोन महिन्यांत लग्न लागून मंडळी घरी. लांबण लावायची असली तर राजवाड्याच्या गोष्टी आहेत. 'डे जांग गुम' २००३ ची, ५४ भाग, राजाच्या मुदपाकखान्यातली पोर पुढे राजाची वैद्य होते. मला विचारलं तर ही मालिका पहिल्यांदा बघायला वाईट नाही. तिच्यात इतकं चिरणं, वाफवणं आणि चव घेणं चालतं की स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्या बाईला परकं वाटत नाही. भाचीच्या यादीत ती नव्हती. "फार जुनी आहे," म्हणाली. २००३ जुनं!

जुन्यांच्या बाबतीत मात्र सावध राहावं. २००० सालची 'ऑटम इन माय हार्ट' घ्या. इस्पितळात दोन मुलींची अदलाबदल, बऱ्याच वर्षांनी उलगडा, मग प्रेम, मग रक्ताचा कर्करोग. आपल्याला हे सगळं तोंडपाठ असल्यामुळे वाटतं, डॉक्टर येऊन चष्मा काढतील आणि सगळं ठीक होईल. नाही होत. ती जाते, आणि पाठोपाठ तो ट्रकखाली. आजीने कढईचं बूड पातळ केलं असतं. त्या काळी कोरियन नायकाला स्मृतिभ्रंश, आंधळेपण आणि रस्ता ओलांडताना येणारा ट्रक यांतलं काहीतरी व्हायचंच. ट्रक अजूनही येतो म्हणे. नायक रस्त्याच्या पलीकडे बघून फार खूश दिसला की समजावं.

भाचीची निवडायची पद्धत वेगळी. ती नायक बघते. तिची एक मैत्रीण लेखिका बघते, आणि ते मला जास्त पटलं. तिकडे बहुतेक वेळा अख्खी मालिका एकाच लेखकाची असते आणि लोक नावानिशी ओळखतात. अमकीने लिहिलंय म्हणजे हसू येणार, तमकीने लिहिलंय म्हणजे उशाशी रुमाल. पार्क जी-उन या बाईंची 'क्रॅश लँडिंग ऑन यू' भाचीच्या यादीत पहिली होती. दक्षिणेतली श्रीमंत पोरगी पॅराग्लायडिंग करताना वावटळीत सापडते आणि थेट उत्तर कोरियात, एका सैनिकी अधिकाऱ्यासमोर झाडावर लटकते. सीमा ही अशी, सैन्य हे असं, आता यांचं कसं व्हायचं? मी रीतसर विचारलं. भाचीने खूप वेळ "टायपिंग" दाखवलं आणि शेवटी एकच शब्द पाठवला. "स्वित्झर्लंड. आता एक अक्षर विचारू नकोस."

तेवढं पुरलं. पुढे मी सगळी मालिका हात रिकामे ठेवून बघितली, कारण हिंदी डबिंग लावायचं नाही अशी भाचीची ताकीद, आणि खालच्या ओळी वाचत गवार निवडता येत नाही. नायक-नायिकेपेक्षा मला त्या उत्तरेकडच्या गावातल्या बायकाच आवडल्या. सदैव दुसऱ्याच्या दारात, सदैव चौकशा. पडद्यावरच्या त्या दोघांनी २०२२ मध्ये खरंच लग्न केलं हे कळलं तेव्हा मी आजीच्या वतीने खूश झाले.

पण नवख्या माणसाने कुठून सुरू करावं असं मला कुणी विचारलं (अजून कुणी विचारलेलं नाही), तर मी 'रिप्लाय १९८८' सांगेन. सोलमधली एक गल्ली, पाच पोरं, त्यांचे आईबाप, आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या आया. पहिल्याच भागात जेवणवेळ होते आणि या घरची पोरं त्या घरी वाडगे घेऊन पळत सुटतात. इकडून काही गेलं की तिकडून काही येतंच, रिकामं भांडं परत करायचं नाही. शेवटी पोरंच वैतागतात, त्यापेक्षा एकत्रच जेवा म्हणून. वाड्यात आम्ही असंच पळायचो, आमच्या वाट्यांत आमटी असायची एवढंच. या मालिकेत मरणाची धास्ती नाही. पाचांतली एक नायिका, ती पुढे बाकीच्या चौघांतल्या कुणाशी लग्न करते, एवढंच कोडं आहे. तिकडचे लोक म्हणे त्यावरून आपापसांत भांडत होते. मी उत्तर आधी काढून घेतलं आणि २० भाग, काही तर दीड तासाच्याही वरचे, जिवाला घोर न लावता बघितले. नाव इथे लिहीत नाही. तुमच्यात शेवटचं पान आधी न वाचणारेही असणार.

आता यादीतलं पुढचं नाव 'माय मिस्टर'. २०१८ ची. इमारती तपासणारा मध्यमवयीन इंजिनिअर, कर्जात बुडालेली आणि आजीला सांभाळणारी एक तरुण मुलगी, आणि त्याचे दोन उनाड भाऊ. सगळे म्हणतात, कोरियन बघायचं तर हे बघ, पण मन खंबीर ठेवून. मी विचारायच्या आधीच भाचीने लिहिलं, "शेवट चांगला आहे मावशी, शप्पथ." असणार. ती अजून आत्यासारखं खोटं बोलायला शिकलेली नाही.

त्या इंजिनिअरचं काम करणारा ली सन-क्युन २७ डिसेंबर २०२३ ला गेला. ४८ वर्षांचा होता. पोलिसांची चौकशी चालू होती, वर्तमानपत्रं रोज छापत होती, आणि एका सकाळी तो गाडीत मृत सापडला. पहिला भाग लावला तर हा माणूस भरलेल्या लोकलमधून घरी निघालेला दिसणार, खांदे पाडून, आणि मला सगळं माहीत असणार. भाचीला काय उत्तर द्यावं कळत नाहीये. दोन दिवस तो मेसेज तसाच उघडा आहे.