टाचेला चिकटलेला डांबरगोळा

मे महिन्यात किहीमला आत्याकडे गेलो होतो, वाळूत अनवाणी चालताना पोरीच्या टाचेला काळं काहीतरी चिकटलं, साबणाने निघेना, शेवटी आत्याने खोबरेल तेल चोळून काढलं आणि म्हणाली, अरे पावसाच्या तोंडावर हे डांबराचे गोळे येतातच, त्यात काय एवढं. मला ते काही पटलं नाही. बहुतेक वेळा तो गोळा म्हणजे भर समुद्रात कुठल्यातरी जहाजातून किंवा तेलविहिरीवरून सांडलेलं नाहीतर मुद्दाम सोडलेलं तेल असतं, वारा ते आपल्या दारात आणून टाकतो.

घरी आल्यावर सेंटिनेल-1 च्या इमेज बघायला लागलो, फुकट मिळतात. हा रडारवाला सॅटेलाइट आहे, त्यामुळे रात्र असो की ढग, त्याला दिसतंच. पाण्यावरच्या बारीक लहरींवरून रडारचा सिग्नल परत येतो, तेलाचा तवंग आला की त्या लहरी दबतात, सिग्नल परत येत नाही आणि तेवढा भाग काळा दिसतो. चालत्या जहाजाने तेल सोडलं असेल तर लांबच लांब काळी रेघ दिसते आणि कधीकधी तिच्या टोकाला पांढरा ठिपका, म्हणजे जहाजच!

पण काळं दिसलं की तेलच असं नाही हं. वारा पडलेला असला की साधं पाणीही काळं दिसतं, शेवाळाचा थर असला तरी तसंच, म्हणून त्या वेळचा वारा बघितल्याशिवाय काही बोलायचं नाही. आणि भर पावसाळ्यात वारा इतका असतो की तेल लाटांत घुसळून जातं, मग ढगांपलीकडचं बघणाऱ्या रडारलाही काही सापडत नाही. त्यामुळे आपल्याकडे एप्रिल-मे मध्येच डोळ्यात तेल घालून बघायला हवं असं मला वाटतं.

7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराजवळ चित्रा आणि खलिजिया ही जहाजं धडकली, सुमारे 800 टन तेल सांडलं, तेव्हा आत्याच्या घरात कितीतरी दिवस मासळी आली नव्हती. सेंटिनेल-1 अवकाशात गेला तो 2014 मध्ये, म्हणजे तेव्हा बघायला तो नव्हताच. ती टक्कर तरी सगळ्यांना कळली, रात्री गुपचूप तेलाची टाकी धुऊन ते पाणी समुद्रात सोडणाऱ्या जहाजाचं कोणाला कळणार?

आत्याला सांगून ठेवलंय, पुढच्या वेळी गोळे दिसले की लगेच तारीख टाकून फोटो पाठव, मी त्याच्या आधीच्या दहा-बारा दिवसांच्या इमेज काढतो.