एकवीस माणसांच्या गावाची हद्द

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अमेरिकेतल्या काउंट्यांचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांचे, जुने मोजणी-नकाशे संगणकावर उतरवायचं काम मी करते, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "नदीकाठची एवढीशी टाउनशिप, दोन-तीनशे माणसं. तिची हद्द, क्षेत्रफळ, लोकसंख्या इतकं बारकाईनं कशाला?" आजवर मी याचं उत्तर घाईघाईत देत आले. आज नीट देते.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. टाउनशिप म्हटलं की आपल्याला इमारतींचं संकुल आठवतं. तिथे तो मुळात मोजणीचा शब्द. 1785 च्या जमीन अध्यादेशानुसार ओहायो नदीपासून पश्चिमेकडची जमीन मोजायला घेतली, तेव्हा सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौरस आखले. एका चौरसाचे 36 तुकडे, प्रत्येक 640 एकरांचा, आणि त्यातला सोळावा शाळेसाठी राखलेला. मोजणी 66 फुटांच्या साखळीनं व्हायची, ऐंशी साखळ्यांचा एक मैल. आपला गुंठा 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे त्याच साखळीच्या निम्म्या लांबीचा चौरस. हे ध्यानात आलं त्या दिवसापासून ते पिवळे पडलेले नकाशे मला परके वाटेनासे झाले. पुढे बऱ्याच राज्यांत याच चौरसांवर स्थानिक कारभार बसला : रस्ते, दफनभूमी, आग विझवण्याची सोय. शेतं, विखुरलेली घरं, एखादी वस्ती आणि भोवती सरळ रेघा.

मोठी नदी आडवी आली की मात्र साखळी काठावर थांबायची. मोजणीदार काठाकाठानं वळणं मोजत जायचे आणि पाण्यामुळे अपुऱ्या राहिलेल्या तुकड्यांना वेगळे क्रमांक द्यायचे. म्हणून जनगणनेच्या तक्त्यात क्षेत्रफळाचे दोन आकडे असतात, जमिनीचा आणि पाण्याचा. मी आधी पाण्याचा बघते. माणसं कुठे राहत असतील याचा अंदाज तिथून बांधता येतो. पूर काठ ओलांडतो तेव्हा जाड गाळ धारेलगतच टाकतो, बारीक गाळ पुढे वाहून नेतो. त्यामुळे ऐन काठ थोडा उंच होतो आणि त्यामागची जमीन सखल, पाणथळ राहते. जुन्या वस्त्या त्या काठच्या उंचवट्यावर दिसतात. मागे सुपीक सपाटी, तिच्यामागे टेकडीचा कडा. सगळी गोष्ट या तीन पट्ट्यांत घडते.

माझ्यापुरती ती कास्कास्किया नावाच्या एका छोट्या गावात घडली. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. इलिनॉय आणि मिझुरी या राज्यांमधली हद्द मिसिसिपी नदीतून जाते, एवढं मला ठाऊक होतं. एका जागी ती रेघ नदी सोडून पश्चिमेला, एका बारीक जुन्या पात्रात शिरलेली दिसली. मला ती आधीच्या कुणाची तरी चूक वाटली. मी रेघ उचलून हवाई छायाचित्रातल्या मोठ्या पात्रावर नेऊन ठेवली. तपासणाऱ्या ताईंनी फाइल परत पाठवली, सोबत एकच ओळ : "नदी हलली आहे, हद्द नाही."

त्या ओळीमागे 1881 चा पूर होता. त्या वर्षी मिसिसिपीनं आपलं वळण सोडलं आणि पूर्वेकडच्या कास्कास्किया नदीच्या पात्रात घुसून नवी वाट धरली. 1703 मध्ये वसलेलं, 1818 मध्ये इलिनॉय राज्याची पहिली राजधानी झालेलं हे फ्रेंच वळणाचं गाव नदीच्या पश्चिमेला, मिझुरीच्या बाजूला जाऊन पडलं. जुन्या गावाची जागा नदीनं खाल्ली, गाव दक्षिणेकडे हलवावं लागलं. आगबोटींच्या भट्ट्यांसाठी काठावरची झाडं बेसुमार तोडली गेली आणि काठ ढिला झाला, असं एक कारण अभ्यासक देतात. मला ते पटतं.

कायद्यानं यात एक फरक केला आहे, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो. नदी काठ हळूहळू खात, भरत सरकली तर हद्दही तिच्याबरोबर सरकते. एका फटक्यात पात्र बदललं तर हद्द जुन्या पात्रातच राहते. नेब्रास्का आणि आयोवा यांच्यातल्या अशाच वादात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1892 मध्ये हेच तत्त्व लावलं. कास्कास्कियाची माणसं त्यामुळे आजही इलिनॉयची. त्यांच्या काउंटीचं मुख्य ठाणं चेस्टर, नदीच्या पूर्वेला. गाडीनं तिथे जायचं तर आधी मिझुरीत शिरायचं आणि मग पुलावरून आपल्याच राज्यात परतायचं. म्हणजे मी सरकवलेल्या त्या रेघेनं पडद्यावर का होईना, अख्ख्या गावाचं राज्य बदललं होतं. मत कुठे द्यायचं, कर कुठे भरायचा, सगळंच.

आता माणसांकडे येते. कास्कास्कियाची लोकसंख्या 2000 मध्ये 9, 2010 मध्ये 14, 2020 मध्ये 21. 1993 च्या महापुरात बांध फुटून हे गाव बुडालं होतं, हे त्या नवाच्या मागे ठेवून वाचायचं. त्याच पुरात बुडालेल्या वॅलमेयरनं, इलिनॉयमधल्याच, वेगळा निर्णय घेतला. सुमारे नऊशे वस्तीच्या या गावानं सपाटी सोडली आणि कड्यावर नवं गाव बांधलं. 2010 मध्ये तिथे 1,263 माणसं होती. नेब्रास्कातलं नायोब्रारा तर दोनदा हललं. एकदा 1881 च्या पुरानंतर, आणि पुन्हा 1970 च्या दशकात. दुसऱ्या वेळी पूर आला नव्हता. खालच्या धरणामुळे गाळ साचत गेला आणि गावाखालचं पाणी वर चढत आलं. या गावांच्या लोकसंख्येचे आकडे ओळीनं मांडले तर घट-वाढ एवढीच दिसते. त्यातलं कोण कड्यावर गेलं आणि कोण काठावरच राहिलं, हे कळायला उंचीच्या रेषा लागतात.

एक सावधगिरी सांगायलाच हवी. लहान गावाचा आकडा अक्षरशः घेऊ नका. जनगणना 1 एप्रिलला माणूस एरवी कुठे राहतो ते विचारते. नदीकाठच्या सुट्टीतल्या घरांचे मालक दुसरीकडे मोजले जातात. त्यामुळे घरं पुष्कळ आणि कुटुंबं थोडी, असं चित्र दिसतं. शिवाय कुणाची खासगी माहिती ओळखू येऊ नये म्हणून 2020 मध्ये छोट्या जागांच्या आकड्यांत मुद्दाम थोडा फेरफार केला गेला. नेब्रास्कातल्या मोनोवाय गावात एकच बाई राहत असताना तक्त्यात 2 आले ते यामुळेच. कास्कास्कियाचे 21 मीही त्याच हातचं राखून वाचते.

आणि पूररेषा. तिला 'शंभर वर्षांचा पूर' म्हणतात, आणि गेल्या वर्षी पूर येऊन गेला की आता शंभर वर्षं निवांत, असं लोक समजतात. या नावावर माझा खरोखर राग आहे. त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत ती साधारण 26 टक्के होते, म्हणजे चारात एक. त्या रेषेच्या आत घर असेल तर बहुतेक कर्जांना पूरविमा सक्तीचा असतो. रेघ अंगणातून जाते की स्वयंपाकघरातून, यावर एखाद्या कुटुंबाचा दर वर्षीचा खर्च ठरतो.

म्हणून बारकाईनं. तिनशे माणसांच्या टाउनशिपला चुकलेली रेघ शोधून काढायला वेगळं खातं नसतं, कर्मचारी नसतात. बहुधा ती आमच्यापैकीच कुणाच्या तरी नजरेला पडावी लागते. कास्कास्कियाची रेघ मी त्याच दिवशी परत जुन्या पात्रात नेली. तिथे आता फार पाणी नाही, दोन्ही बाजूंना शेतं आहेत. मोठं करून पाहिलं की एक पूल दिसतो. गावाला रस्त्यानं बाहेर पडायची वाट तीच.